करदाता कोण?

अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले, की एक वाक्य हमखास कानावर पडते: "आमच्या टॅक्सच्या पैशांवर हे फुकटे जगतात." शिष्यवृत्तीचा विषय निघू द्या, रेशनच्या तांदळाचा निघू द्या, झोपडपट्टीतल्या नळाचा निघू द्या, वाक्य तयारच असते. बोलणाऱ्याच्या पगारातून दरमहा टीडीएस कापला जातो, म्हणून तो 'करदाता'. कापून घेण्याइतका पगारच ज्याला नाही, तो 'लाभार्थी'. एक देणारा, दुसरा घेणारा, अशी ही वाटणी. आणि ती कोणत्या वस्तीपासून कोणत्या वस्तीपर्यंत जाते हे उघड न बोलता सगळ्यांना कळते.

हा हिशेब खोटा आहे असे आमचे म्हणणे आहे, आणि तो आजच खोटा झालेला नाही. मजुरी, कर आणि महागाई या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या, की गरीब माणूस कर भरताना दिसतच नाही. बाबासाहेबांनी त्या एकत्र मोजल्या. आपल्याकडे बाबासाहेबांच्या अर्थशास्त्राचा अभिमान खूप मिरवला जातो. हे एकत्र मोजणे मात्र फारसे कोणी पुढे नेत नाही.

सुरुवात आपल्या पणजोबांपासून करू. गावात सारावसुलीची वेळ आली, की कुळांना चावडीवर बोलावून आणायचे काम कोणाचे? महाराचे. जमा झालेली रक्कम तालुक्याच्या खजिन्यात पोचवायला सोबत कोण जायचे? महारच. सरकारी टपाल, अंमलदाराची वर्दी, मेलेल्या जनावराची विल्हेवाट, हे सगळे त्यातच आले. तो घरी नसला तर बाप, भाऊ, मुलगा, जो सापडेल त्याने जायचे. कामाचे तास ठरलेले नव्हते, कारण दिवसरात्र सगळेच तास कामाचे होते. राज्याची तिजोरी ज्याच्या पायांवर चालत तालुक्याला गेली, त्या माणसाला त्या तिजोरीतून मिळाले काय? थोडी वतनी जमीन, गावकऱ्यांकडचे बलुते आणि काही ठिकाणी नावापुरती रोख रक्कम. वतनी जमीन ब्रिटिशांच्या आधीच्या राजवटींनी दिलेली. घराणी वाढत गेली, जमिनीचे तुकडे पडत गेले, आणि बलुते देणे न देणे गावाच्या मर्जीवर. सरकारने काम पूर्ण घेतले आणि त्याचा मोबदला गावकऱ्यांच्या ओसरीवर ढकलून दिला. आधुनिक भाषेत याला काय म्हणाल? आम्ही याला कर म्हणतो. घामाच्या रूपाने, पिढ्यान्‌पिढ्या, जातीवरून वसूल केलेला कर. त्याची पावती कोणी दिली नाही, म्हणून तो कोणत्याच अर्थसंकल्पात दिसत नाही.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, ते नेमके या ठिकाणी बोट ठेवणारे होते. ज्याला वतनाच्या चाकरीतून सुटायचे आहे त्याने पूर्ण सारा भरावा, जमीन आपल्याकडे ठेवावी आणि मोकळे व्हावे. ज्याला चाकरी करायची आहे त्याच्या बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर व्हावे आणि ती रक्कम सरकारनेच साऱ्याबरोबर वसूल करून त्याला द्यावी. कामे कोणती ती ठरवून द्यावीत. यात कुठेही दान मागितलेले नाही. काम घेता तर मजुरी द्या, ती रोख द्या आणि ती देण्याची जबाबदारी मालकाची, म्हणजे सरकारची, एवढेच मागणे होते. विधेयक मंजूर झाले नाही तर महारांचा सार्वत्रिक संप घडवून आणीन, असेही त्यांनी सभागृहाला बजावले होते. विधेयक निवड समितीकडे गेले आणि अखेर १९२९ मध्ये मागे घ्यावे लागले.

पुढची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. वतनी जमिनीवर पूर्ण साऱ्याऐवजी जो कमी सारा आकारला जाई, त्याला जुडी म्हणत. चाकरीच्या मोबदल्यात मिळालेली ती सवलत. १९३९ पर्यंत सरकारने काय केले? चाकरी कमी न करता वतनी जमिनींवरचा कर वाढवला. म्हणजे मजुरी कापली, पण कापणीचे नाव 'कर' ठेवले. डिसेंबर १९३९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या हरेगावला महार, मांग वतनदारांची परिषद भरली, तिथे बाबासाहेब याच वाढीविरुद्ध बोलले. मजुरी कापणे आणि कर वाढवणे या एकाच कृतीच्या दोन बाजू असू शकतात, हे हरेगावला जमलेल्या निरक्षर वतनदारांना कळत होते. आजच्या वाहिन्यांवरच्या अर्थतज्ज्ञांना ते का कळत नाही, याचे आम्हाला कोडे आहे.

वतने शेवटी गेली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. तेव्हाही जमीन परत नावावर करून घ्यायला साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरावी लागली. राबलेल्या पिढ्यांची थकबाकी कोणी काढली नाही. उलट त्यांच्याकडूनच भरणा करून घेतला.

आता गावातून मुंबईत येऊ, कारण आपली माणसेही तशीच आली. पण त्याआधी लंडनमध्ये लिहिल्या गेलेल्या एका पुस्तकाचा उल्लेख केला पाहिजे. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे १९२३ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे त्याचे नाव भाषणात घेतात आणि त्यामुळे रिझर्व्ह बँक स्थापन झाली असे सांगून पुढे जातात. पुस्तकाचा गाभा आहे महागाई. १८९३ मध्ये टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या आणि पुढे रुपयाचे मोल सरकारच्या व्यवस्थापनावर अवलंबून राहिले. केन्सने १९१३ च्या आपल्या पुस्तकात या व्यवस्थेची बाजू घेतली होती. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. सरकारला हवा तेवढा रुपया पाडता आला, की किमती चढणार, हा त्यांचा मुद्दा. आणि रुपया स्वस्त झाला की निर्यातदार खूश होतो, पण तो नफा परदेशी गिऱ्हाइकाकडून आलेला नसतो. तो इथल्याच मजुराच्या खिशातून आलेला असतो, कारण किमती आधी चढतात आणि मजुरी मागून रखडत येते. एका वर्गाच्या नुकसानीतून दुसऱ्या वर्गाचा नफा.

डिसेंबर १९२५ मध्ये ते हिल्टन यंग आयोगापुढे साक्षीला गेले तेव्हा देशात रुपयाच्या दरावरून रान पेटले होते. मुंबईचे गिरणीमालक आणि व्यापारी यांना रुपया एक शिलिंग चार पेन्सचा, म्हणजे स्वस्त, हवा होता, आणि ही मागणी राष्ट्रीय मागणी म्हणून मांडली जात होती. स्वस्त रुपया म्हणजे देशभक्ती! गिरणीतल्या मजुराला ज्वारी महाग पडेल, त्याचे काय, हा प्रश्न त्या देशभक्तीत बसत नव्हता. जिला आज आपण 'महागाई म्हणजे गरिबांवरचा कर' म्हणतो, ती मांडणी बाबासाहेबांकडे शंभर वर्षांपूर्वी आकडेवारीसह तयार होती.

त्यानंतर लवकरच ते मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य झाले. फेब्रुवारी १९२७ मधले अर्थसंकल्पावरचे त्यांचे भाषण हे कायदेमंडळातले त्यांचे सुरुवातीचे भाषण. एखाद्या नव्या सदस्याने आपल्या समाजासाठी दोन वसतिगृहे मागून खाली बसावे अशी अपेक्षा असणार. त्यांनी सरळ करांच्या पायावरच हात घातला. प्राप्तिकर कोणाला लागतो? ज्याचे उत्पन्न ठराविक मर्यादेच्या वर आहे त्याला. वर्षभरात कमाई झाली नाही, तर कर नाही. जमिनीचा सारा कोणाला लागतो? प्रत्येकाला. एक एकरवाल्याला आणि शंभर एकरवाल्याला आकारणीचा दर तोच, पीक येवो अगर न येवो. व्यापाऱ्याचे पोट भरल्यावर उरलेल्यातून कर घ्यायचा आणि लहान शेतकऱ्याच्या पोटातूनच घ्यायचा, हा कुठला न्याय?

त्याच अधिवेशनात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी आणखी एक आकडा सभागृहापुढे ठेवला. मुंबई इलाख्यात सरकार शिक्षणावर माणशी खर्च करते चौदा आणे. आणि दारूवरच्या अबकारी करातून माणशी वसूल करते दोन रुपयांहून अधिक. निदान जेवढे त्यांच्याकडून घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. गुत्त्यावर जाणारा माणूस बहुतेक मजूर. त्याच्या दोन रुपयांतून सरकार चालते आणि त्याच्या मुलाला शाळेत चौदा आण्यांचा वाटा, तोही मुलाला शाळेत बसू दिले तर. 'आमच्या टॅक्सच्या पैशांवर' म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाठ करावा. १९२७ साली कोण कोणाच्या पैशांवर शिकत होते?

आता गिरणी. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर. मजुरी कपात आणि कामाचा वाढता बोजा हे वादाचे मूळ. या संपाबद्दल डाव्या इतिहासकारांनी भरभरून लिहिले आहे आणि लिहावेच, सहा महिने उपाशी राहून लढणे ही लहान गोष्ट नव्हे. पण गिरणीत सगळ्यांची मजुरी सारखी नव्हती. जास्त कमाई होती विणाईत, म्हणजे साळखात्यात. आणि साळखात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच धोट्याला महाराचे आणि मराठ्याचे तोंड लागणार, म्हणजे बाट. म्हणून महार रिंगखात्यात, जिथे मजुरी कमी. ही मजुरी ना गिरणीमालकाच्या दरपत्रकाने ठरली, ना बाजाराने. ती धोट्यावरच्या थुंकीने ठरली.

बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितले, की मागण्यांत ही मागणीही घाला: सगळी खाती सगळ्यांना खुली करा. नाहीतर आमच्या कामगारांनी तुमच्याबरोबर उपास का काढावेत? मागणी घातली गेली, पण नाइलाजाने. आणि ती मालकांपुढे गेली तेव्हा, बाबासाहेबांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, मालकांनी पुढाऱ्यांना सुनावले, की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. मालकाचे हे उत्तर धूर्त होते यात शंका नाही. त्या खात्यांच्या भिंतींचा फायदा त्यालाही होत होता. पण ते खोटे नव्हते, हीच आपल्या कामगार चळवळीची शोकांतिका. 'कामगारांची मजुरी' नावाची एकच गोष्ट असते असे धरून जो महागाईवर बोलतो, त्याने साळखात्याचा दरवाजा आधी पाहावा.

म्हणून बाबासाहेबांनी कामगारांचा लढा सोडला असे मात्र झाले नाही, हे आमच्यातल्या काहींना मुद्दाम सांगावे लागते. ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक आले. काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयकातून संपाच्या हक्कावर बंधने आणली, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि डावे एकत्र होते. विधेयकावरच्या भाषणात त्यांनी विचारले होते, की काम सोडल्याबद्दल माणसाला शिक्षा करायची तर त्याला गुलामी नाहीतर काय म्हणायचे. मजुरी वाढवून मागायला ज्याच्याजवळ संपाशिवाय दुसरे हत्यार नाही, त्याचे ते हत्यार काढून घेणे म्हणजे महागाईचा सगळा भार त्याच्यावर टाकणे.

त्यानंतर वर्ष होत नाही तोच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि महागाईने सगळे हिशेब मोडले. मार्च १९४० मध्ये मुंबईचे गिरणी कामगार महागाई भत्त्यासाठी पुन्हा संपावर गेले. इथे एक स्पष्ट सांगू. 'महागाई भत्ता बाबासाहेबांनी सुरू केला' असा संदेश दर १४ एप्रिलला मोबाइलवर फिरतो. तो पुढे ढकलू नका. युद्धाच्या महागाईपोटी भत्ता देण्याची पद्धत मुंबईच्या गिरण्यांत पहिल्या महायुद्धापासूनची आहे आणि ती कामगारांनी संप करून वाढवून घेतलेली आहे. बाबासाहेबांचे खरे काम इतके मोठे आहे, की त्याला उसन्या श्रेयाची गरज नाही.

ते खरे काम काय? जुलै १९४२ ते जून १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सरकार, मालक आणि कामगार एका टेबलावर बसतील अशी त्रिपक्षीय परिषद ऑगस्ट १९४२ मध्ये भरू लागली. कामगारांच्या स्थितीची पाहणी करायला १९४४ मध्ये रेगे समिती नेमली गेली. राहणीमानाच्या खर्चाचे निर्देशांक देशभर एका पद्धतीने काढण्याची योजना याच काळातली. हे काम रुक्ष वाटते, कोणी त्याचे पोवाडे गात नाही. पण महागाई किती वाढली हे मालकाने सांगायचे की मोजून ठरवायचे, हा त्यातला प्रश्न आहे. निर्देशांक नसेल तर भत्ता म्हणजे मेहेरबानी. १९४६ मध्ये आठवड्याचे कामाचे तास चोपन्नवरून अठ्ठेचाळीसवर आले, आणि त्याच वर्षी ११ एप्रिलला त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला १९४८ मध्ये.

याच सरकारने युद्धाचा खर्च नोटा छापून भागवला, हेही लिहिले पाहिजे. ब्रिटनचा इथला खर्च लंडनमधल्या पौंडांच्या खात्यावर जमा दाखवायचा आणि त्या बदल्यात इथे रुपयांच्या नोटा काढायच्या. १९४३ संपेपर्यंत घाऊक किमती युद्धापूर्वीच्या दुपटीच्याही पुढे गेल्या होत्या. बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसे मेली, आणि त्यांत सर्वाधिक होते शेतमजूर, कोळी, नावाडी. ज्यांच्याकडे विकायला फक्त श्रम होते आणि ज्यांना कोणताही भत्ता नव्हता. बाबासाहेब त्या मंडळात होते, पण तिजोरी आणि धान्य त्यांच्या खात्यात नव्हते. १९२३ च्या पुस्तकात त्यांनी जो धोका दाखवला होता, तो त्यांच्या डोळ्यांदेखत लाखोंचा बळी घेऊन गेला.

आम्हाला वाटते, त्याची छाया संविधानाच्या एका कलमावर आहे. हे कलम आज फारसे कोणाला ठाऊक नाही. ऑक्टोबर १९४९ मध्ये विक्रीकराचा विषय संविधान सभेत आला तेव्हा बाबासाहेबांनी मांडलेल्या तरतुदीत, जी पुढे मूळ कलम २८६ (३) झाली, असे होते: संसदेने ज्या वस्तू समाजाच्या जीवनासाठी आवश्यक म्हणून जाहीर केल्या आहेत, त्यांवर राज्याने विक्रीकर लावला तर राष्ट्रपतींची संमती मिळाल्याशिवाय तो लागू होणार नाही. म्हणजे गरिबाच्या ताटावर कर लावण्याआधी दोनदा विचार करा, असे राज्यघटनेतच लिहिलेले होते. १९५२ मध्ये अशा वस्तूंचा कायदाही झाला. आणि १९५६ मध्ये सहाव्या घटनादुरुस्तीने हे कलम बदलले. 'जीवनासाठी आवश्यक' गेले, 'आंतरराज्य व्यापारात विशेष महत्त्वाच्या वस्तू' आल्या. ताटाची जागा व्यापाराने घेतली. संविधान बदलले जाईल म्हणून आपण आज रस्त्यावर उतरतो, आणि ते बरोबरच आहे. पण हा बदल झाला तेव्हा कोणी हूं की चूं केले नाही.

त्या रिकाम्या जागेत पुढे काय आले ते पाहा. २०१७ मध्ये जीएसटी आला. जुलै २०२२ मध्ये पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदळावर, पिठावर, डाळींवर पाच टक्के कर लागला. अंगाच्या साबणावर, टूथपेस्टवर, केसांच्या तेलावर आठ वर्षे अठरा टक्के होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो पाच टक्के केला आणि जनतेला दिवाळी भेट म्हणून सांगितले. भेट? आठ वर्षे अठरा टक्के भरत कोण होते? कचरावेचक बाईने घेतलेल्या साबणाच्या वडीवर आणि कंपनीच्या संचालकाने घेतलेल्या वडीवर कराचा दर एकच होता. एक एकरवाला आणि शंभर एकरवाला, एकच आकारणी. १९२७ चे भाषण काढून वाचा, फक्त 'सारा' खोडून 'जीएसटी' लिहा.

दुसऱ्या बाजूला काय झाले? वारसा मालमत्तेवरचा कर १९८५ मध्ये गेला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा कर तीस टक्क्यांवरून बावीसवर आणला. त्याच वर्षी देशाची किमान वेतनाची तळरेषा १७६ रुपये रोजावरून १७८ वर नेली. दोन रुपये. यापैकी कोणालाही कोणी फुकटे म्हटले नाही, कारण श्रीमंताचा कर माफ झाला की त्याला 'प्रोत्साहन' म्हणतात.

आणि गिरणीतले साळखातेही गेलेले नाही. कोणत्याही महानगरपालिकेत सफाई खात्याकडे पाहा. एकाच रस्त्यावर एक झाडू कायम कामगाराचा, एक कंत्राटी कामगाराचा. एकाला निर्देशांकाप्रमाणे महागाई भत्ता, दुसऱ्याला ठेकेदार देईल ते. तेल दोघांनाही त्याच भावाने. हातात झाडू असलेल्या बहुतेकांची जात तीच, १९२८ मध्ये रिंगखात्यात होती ती. आपल्या संघटना कायम कामगारांच्या भत्त्याच्या थकबाकीसाठी मोर्चे काढतात, निवेदने देतात; कंत्राटी कामगाराची मागणी त्या निवेदनात शेवटच्या ओळीत असते, घातलीच तर. नाइलाजाने घातलेल्या मागणीचे काय होते हे आपल्याला माहीत आहे. ती पहिल्या ओळीत आली पाहिजे, आणि तिच्याबरोबर मूळ कलम २८६ (३) मधली ती अट जीएसटी परिषदेला लागू करण्याची मागणी आली पाहिजे: धान्य, डाळ, तेल, साबण यांवर कर लावायचा असेल तर त्याला वेगळी, जाहीर संमती घ्या, आणि ती कोणी दिली त्याचे नाव लोकांना कळू द्या.